दोरीच्या गाठी

श्रोतेहो, नमस्कार. आज ८ सप्टेंबर, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन. प्रौढ शिक्षण म्हणजे काय आणि ते कशासाठी, यावर मी बोलणार आहे.

व्याख्या थोडक्यात सांगते. वयाची पंधरा वर्षं ओलांडलेलं माणूस, ज्याची शाळा मध्येच सुटली किंवा ज्यानं शाळेची पायरीच चढली नाही, त्याचं शिक्षण म्हणजे प्रौढ शिक्षण. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यात तीन गोष्टी धरल्या होत्या. अक्षरओळख, कामधंद्यातलं कौशल्य, आणि आपण ज्या परिस्थितीत आहोत तिची जाणीव. तीन गोष्टी, बरं का. पुढं आपण पहिलीच धरून बसलो. सही आली की माणूस साक्षर झालं, असं म्हणायला लागलो. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला तुम्हाला एका दोरीची गोष्ट सांगते.

नव्वदच्या दशकात साक्षरता अभियान जोरात होतं. मी तेव्हा डी.एड. करत होते आणि स्वयंसेविका म्हणून बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वाडीवर शिकवायला जायची. आषाढाचे दिवस. मारुतीच्या देवळाच्या ओसरीत वर्ग भरायचा. पहिल्या दिवशी बावीस बाया आल्या. आठ दिवसांत राहिल्या तीन. मी रोज फळ्यावर कमळ काढायची, बदक काढायची, आणि त्या तिघी झोपेला आलेल्या डोळ्यांनी बघायच्या. दिवसभर खुरपून आलेल्या बाया त्या.

तिघींत एक मावशी होत्या, पन्नाशीच्या. एका रात्री त्या म्हणाल्या, "पोरी, बदक मला कामून शिकवायलीस? बदक म्या वळखती. मला हे वाचून दाव." आणि कमरेची पिशवी सोडून त्यांनी माझ्यापुढं पावत्यांचा गठ्ठा ठेवला. ऊसतोडीच्या गेल्या हंगामातल्या वजनकाट्याच्या पावत्या. सोबत मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्याच्या, हिशेबाचा एक घडी घातलेला कागद. आणि सगळ्यात खाली एक सुतळी, गाठीच गाठी मारलेली.

मी विचारलं, मावशी, ही दोरी कशाची? त्या म्हणाल्या, "गाडी भरून काट्यावर गेली की एक गाठ."

ऊसतोड मी तुम्हाला समजावून सांगायला नको. दिवाळीच्या आगेमागे गाड्या निघतात, नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली असते आणि तोडलेल्या टनांवर ती फिटते. फिटली नाही तर बाकी अंगावर फिरते. मावशींच्या अंगावर बाकी फिरली होती. ती का फिरली, हे त्यांना कळत नव्हतं, कारण कागदावर अंगठा उठवला होता आणि कागद वाचता येत नव्हता.

मी पावती वाचायला घेतली आणि पहिली अडचण माझीच निघाली. आमच्या पुस्तिकेत आकडे मराठी, पावतीवर आकडे इंग्रजी. आठ दिवस मी जे शिकवत होते, त्याचा या पावतीला काहीच उपयोग नव्हता. मग फळा पुसला. एकीकडं मराठी आकडा, शेजारी इंग्रजी आकडा, एक ते नऊ आणि शून्य. मावशींनी दोन रात्रींत ते उचलले. मग दुसरी अडचण. "ह्यो मधी ठिपका कामून दिलाय?" वजन लिहिलं होतं १.७८०. मी दशांश चिन्ह सांगायला लागले, दहावा भाग, शंभरावा भाग, हजारावा भाग. मला वाटलं, आता रात्र जाणार. मी एवढंच म्हटलं की ठिपक्याच्या अलीकडं टन आणि पलीकडं किलो. मावशी क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी पावणेदोन टन आन वर तीस किलो."

श्रोतेहो, मला कागदावर मांडून बघावं लागलं. बरोबर होतं. पावणेदोन टन म्हणजे १,७५० किलो, वर तीस. या बाईला हिशेब येत होता, माझ्यापेक्षा चांगला येत होता. त्यांना फक्त खूण ओळखता येत नव्हती. हे मी पुन्हा सांगते. हिशेब येत होता, खूण येत नव्हती. (पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे शाळेतून काढून टाकले, हे फार वाईट झालं. आजच्या पोराला सात पाऊणे किती ते विचारा, ते मोबाईल काढतं. असो.)

मग आम्ही मोजायला बसलो. सुतळीच्या गाठी सत्याऐंशी. पावत्या सत्याऐंशी. मुकादमाच्या कागदावर खेपा अठ्ठ्याहत्तर. पुन्हा मोजल्या. अठ्ठ्याहत्तरच. नऊ खेपा कमी. खेपेला पावणेदोन टन धरले, तरी पंधरा-सोळा टन ऊस. दोघांनी वाकून तोडलेला, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवलेला.

मावशी नवऱ्याला घेऊन, पावत्या आणि सुतळी घेऊन मुकादमाच्या दारात गेल्या. तो म्हणाला, चुकून दुसऱ्या कोयत्यावर चढल्या असतील. सात खेपा त्यानं मान्य केल्या, दोन शेवटपर्यंत केल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ओसरीत एकोणीस बाया होत्या. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत पावत्या. बदक पुन्हा काढावं लागलं नाही.

त्या दिवसापासून "अंगठाबहाद्दर" हा शब्द मी कुणाला माझ्यापुढं उच्चारू देत नाही. तो मराठीतून जावा असं मला मनापासून वाटतं. या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं, वरचं शिक्षण उर्दूतून होतं, खेड्यात शाळा बोटावर मोजण्याइतक्या. ज्यांच्या गावात शाळाच नव्हती, त्यांना हिणवायचं कशासाठी?

आणि वेळ. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण शिकणारे दिवसा राबत होते. वेळ शिकणाऱ्याची धरायची, शिकवणाऱ्याची नाही. आता उल्लास हा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, पंधरा वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी. दीडशे गुणांची चाचणी असते. वाचन पन्नास, लेखन पन्नास, संख्याज्ञान पन्नास. चांगली गोष्ट आहे. पण २०२४ साली आपल्याकडं ती १७ मार्चला झाली. मार्चमध्ये आमच्या वाडीवर घराघराला कुलूप असतं. म्हातारी माणसं आणि शेरडं तेवढी मागं. ज्यांना पावती वाचता यायला हवी, ते तेव्हा उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत असतात.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती मी जिथं बोलायला मिळेल तिथं करते. वर्ग कोपीवर न्या. चाचणी कोपीवर घ्या. टोळीत एखादी सातवी-आठवी शिकलेली सून असतेच, तिला स्वयंसेवक म्हणून नोंदवा. त्यासाठी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींना भेटा. आणि पहिल्या दिवशी पुस्तिका उघडायच्या आधी काट्याची पावती मागा.

मावशी त्या वर्षी दिवाळीनंतर निघाल्या, तेव्हा मी स्टँडजवळ भेटायला गेले होते. वहीत मी दोन रकाने आखून दिले होते, तारीख आणि वजन. वही पिशवीत होती. नवी सुतळीपण होती. मी म्हटलं, मावशी, आता सुतळी कशाला? त्या म्हणाल्या, "वही दिवसा. गाडी रातच्याला भरली तर कंदील कोण धरणार?"

नमस्कार.