नाथांचा गावबा आणि मार्टिनचे मालिकावाले

(परभणीत एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, ड्रॅगनच्या कादंबऱ्यांवर बोलणार म्हटल्यावर मागची पोरं खुशीत आहेत आणि पुढच्या रांगेतले आजोबा घड्याळ बघतायत. आजोबा, बसा. सुरुवात पैठणापासूनच करतो.

एकनाथ महाराज भावार्थ रामायण लिहीत होते. युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत आले आणि १५९९ साली त्यांनी देह ठेवला. पुढचं सगळं गावबा नावाच्या शिष्यानं पुरं केलं. पुरणपोळीच्या ओढीनं नाथांच्या वाड्यात राहिलेला, लोकांच्या लेखी खुळाच, असं परंपरा सांगते. पण पारायणाला बसलेल्याला विचारा, नाथ कुठं थांबले नि गावबा कुठं सुरू झाला? बहुतेकांना सांगता यायचं नाही. रावण मरणार, राम अयोध्येला येणार, हे गावबालाही ठाऊक होतं आणि ऐकणाऱ्यालाही.

आता ड्रॅगनवाले अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन. १९९६मध्ये त्यांच्या कादंबरीमालेचं पहिलं पुस्तक आलं, ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’. बेत होता तीन पुस्तकांचा. दुसरं १९९८मध्ये, तिसरं २०००मध्ये. इथवर गाडी वेळेवर. मग त्यांना वाटलं, कथेतली पोरं फार लहान आहेत, कथा पाच वर्षं पुढं नेऊ, म्हणजे ती मोठी होतील. लिहून पाहिलं, जमेना. मधल्या घडामोडी नुसत्या आठवणींतून सांगाव्या लागत होत्या. तो बेत मोडला. चौथं पुस्तक आलं २००५मध्ये, तेही निम्म्याच पात्रांचं. उरलेल्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी येईल अशी आशा त्यांनी शेवटी लिहून ठेवली होती. ते आलं जुलै २०११मध्ये. सहाव्याची वाट आपण अजून बघतोय.

त्याच २०११च्या एप्रिलमध्ये या पुस्तकांवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही टीव्ही मालिका एचबीओ या अमेरिकन वाहिनीवर सुरू झाली होती. पुस्तकात जी पोरं मोठी होईनात, ती पडद्यावर कुणाला न विचारता मोठी झाली. मिसरूड फुटलं, आवाज फुटले. नटांची वयं थांबत नाहीत, करार थांबत नाहीत, दरवर्षी दहा भाग द्यायचेच. पहिल्या चारही हंगामांत मार्टिन स्वतः एकेक भाग लिहीत होते; पाचव्यापासून पुस्तकासाठी तेही सोडलं. तरी जानेवारी २०१६मध्ये त्यांना जाहीर लिहावं लागलं की ऑक्टोबरची मुदत हुकली, वर्षअखेरची हुकली, पुस्तक झालेलं नाही. एप्रिलमध्ये सहावा हंगाम सुरू झाला आणि मालिका पुस्तकाच्या पुढं निघून गेली.

मालिकावाल्या बेनिऑफ आणि वाइसना मार्टिननी शेवटाकडच्या ठळक गोष्टी आधीच सांगून ठेवल्या होत्या. मग बिघडलं कुठं? एक उदाहरण घ्या. राजा स्टॅनिस आपल्या पोटच्या पोरीला, शिरीनला, अग्नीत बळी देतो. हा प्रसंग मुळात मार्टिनकडूनच आल्याचं मालिकावाल्यांनी सांगितलं. (ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी रागावू नये, २०१५ची गोष्ट आहे.) पण पाचव्या पुस्तकात पोरगी उत्तर सीमेवरच्या मोठ्या भिंतीपाशी आहे आणि बाप फौज घेऊन लांब बर्फात अडकलाय. म्हणजे पुस्तकात हे घडलंच तर वेगळ्या वाटेनं, कदाचित वेगळ्या हातांनी घडणार. ती वाट मालिकावाल्यांकडं नव्हती, फक्त मुक्काम होता. आठव्या, शेवटच्या हंगामात सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या डेनेरिसनं राजधानीचं नगर जाळलं तेव्हा लोक चिडले ते याचमुळं. आठवा हंगाम नव्यानं करा, अशा मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. माझ्या मते डेनेरिसचं ते करणं अशक्य नव्हतं. पण माणूस तिथवर कसा पोचतो याला शेकडो पानं लागतात, आणि सहाच भागांच्या हंगामात ती मावली नाहीत.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्यानं पुरं केलेलं तिकडं चालतच नाही का? चालतं की. कादंबरीकार रॉबर्ट जॉर्डन २००७मध्ये वारले, त्यांची ‘व्हील ऑफ टाइम’ ही कादंबरीमाला अर्धवट. टिपणं होती, शेवटाचा काही भाग स्वतः लिहून ठेवला होता. त्यांच्या पत्नी स्वतः संपादक. त्यांनी ब्रँडन सँडरसन या लेखकाला निवडलं आणि २०१३पर्यंत तीन पुस्तकांत कथा पुरी झाली. तो त्यांचा गावबा.

मार्टिनना असा गावबा मिळणं अवघड आहे. लेखक दोन जातींचे, असं ते म्हणतात: वास्तुविशारद आणि माळी. स्वतःला ते माळी म्हणवतात. काय उगवेल ते लिहिताना कळतं. (आपल्याकडं पाऊस रुसला तरी शिव्या माळ्यालाच.) असा माणूस दुसऱ्याला शेवट सांगू शकतो, वाट सांगू शकत नाही, कारण ती त्यालाच लिहून बघायची असते. उशीर होतो तो याचमुळं आणि मालिका उघडी पडली तीही याचमुळं. पहिल्या तीन पुस्तकांत जे आपल्याला आवडलं, तेही याच सवयीतून आलेलं आहे.

एचबीओवाले यातून शहाणे झाले म्हणा. पुढची ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ ही मालिका त्यांनी मार्टिनच्याच २०१८च्या ‘फायर अँड ब्लड’वरून काढली. बखरीसारखं पुस्तक आहे ते, आणि त्यातलं भाऊबंदकीचं युद्ध त्यातच सुरू होऊन त्यातच संपतं. पुस्तक मात्र पहिला भाग आहे. दुसरा यायचाय.