दोन भावांचा समेट

नमस्कार श्रोतेहो.

मुंबई दूरदर्शनवर एके काळी 'आपण यांना पाहिलंत का?' हा कार्यक्रम लागायचा. वय अमुक, रंग सावळा, अंगात चौकड्यांचा सदरा. जेवता जेवता आपण ऐकायचो आणि हातातला घास क्षणभर थांबायचा. आज ज्या काळाबद्दल बोलायचंय, त्या काळात ना रेडिओ होता ना टीव्ही. पण अशी निवेदनं मात्र होती. १८६५ नंतर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत ती छापून यायची आणि रविवारी चर्चमध्ये पाद्री ती मोठ्यानं वाचून दाखवायचे, कारण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचताच येत नव्हतं. गुलामाला अक्षरओळख करून देणं हा दक्षिणेतल्या कितीतरी राज्यांत गुन्हा होता.

त्या निवेदनांची धाटणी साधारण अशी असायची: माझी आई कुठं आहे, कुणाला ठाऊक आहे का? आम्ही व्हर्जिनियात अमक्या मालकाकडे होतो. मालक वारला, वाटण्या झाल्या. आई मोठ्या मुलाच्या वाट्याला गेली, मी धाकट्या मुलीच्या. त्यानंतर मला टेक्ससच्या व्यापाऱ्याला विकलं. तेव्हा मी आठ वर्षांची होते.

शोधणाऱ्या माणसाजवळ खूण सांगायला काय असायचं? मालकाचं नाव. स्वतःचं आडनाव बहुधा नसायचंच. गुलामी संपून तीस-तीस वर्षं उलटली, तरी अशा जाहिराती येत राहिल्या. यादवी युद्धानंतर राष्ट्र पुन्हा उभं करायचं म्हणजे काय, तर सुरुवात इथून होती. ४० लाख माणसं मोकळी झाली होती आणि त्यातली कित्येक आपली माणसं हुडकत रस्त्यानं चालत होती.

युद्धाची हकिगत मी थोडक्यातच सांगतो. १८६१ ते १८६५. सहा लाखांहून जास्त माणसं मेली. गुलामी टिकवण्यासाठी दक्षिणेतली अकरा राज्यं फुटून निघाली आणि हरली. एप्रिल १८६५ मध्ये लिंकनचा खून झाला आणि डिसेंबरात तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी कायमची रद्द केली. त्यापुढच्या बारा वर्षांना अमेरिकन लोक 'रिकन्स्ट्रक्शन' म्हणतात. आपण पुनर्बांधणी म्हणू. पण पडलेलं घर पुन्हा बांधायला घेतलं की पहिला प्रश्न विटांचा नसतो. उतारा कुणाच्या नावावर आहे, हा असतो.

तो प्रश्न एकदा खरोखरच विचारला गेला होता. १२ जानेवारी १८६५, जॉर्जियातलं सव्हाना शहर. उत्तरेचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून घेतलं. त्यांच्या वतीनं बोलले गॅरिसन फ्रेझियर, वय ६७. या गृहस्थांनी स्वतःचं आणि बायकोचं मोल मोजून दोघांचं स्वातंत्र्य विकत घेतलेलं होतं. त्यांना विचारलं, तुम्ही स्वतःला कसे सांभाळाल? ते म्हणाले, जमीन द्या. आमच्या कष्टानं आम्ही ती कसू.

दान मागितलं नव्हतं. धान्य, कपडे, काही मागितलं नव्हतं. जमीन, आणि तीही पुढं विकत घ्यायची तयारी ठेवून.

चारच दिवसांनी शर्मननं हुकूम काढला. दक्षिण कॅरोलिना ते फ्लोरिडा या किनारपट्टीवरची, मालक पळून गेलेली जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना द्यायची, प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत. सुमारे ४०,००० माणसं त्या जमिनींवर वसली. लष्कराकडची खेचरंही काहींना मिळाली. 'चाळीस एकर आणि एक खेचर' हा शब्दप्रयोग तिथूनचा. आज तो दिलेल्या आणि मोडलेल्या शब्दासाठी वापरतात.

कारण लिंकननंतर अध्यक्ष झालेले अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर जमीनदारांना भराभर माफ्या वाटल्या आणि माफीबरोबर जमीनही परत दिली. हे सांगायला जाणार कोण? मुक्त झालेल्यांसाठी सरकारनं जे खातं काढलं होतं, त्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड. युद्धात उजवा हात गमावलेला, भला माणूस. ऑक्टोबरमध्ये ते दक्षिण कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावर गेले आणि भरलेल्या चर्चमध्ये लोकांना त्यांनी सांगितलं, जमिनी सोडा आणि जुन्या मालकांना क्षमा करा.

बेटावरच्या लोकांनी लेखी उत्तर दिलं. खाली तीन नावं आहेत, हेन्री ब्रॅम, इश्मेल मोल्ट्री आणि येट्स सॅम्पसन. त्याचा आशय असा: तुम्ही क्षमा करायला सांगता. ज्यानं मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून मारलं, आणि आज जो म्हणतो की माझ्याच भावात माझंच शेत करशील तरच माझ्या रिकाम्या झोपडीत राहा, त्या माणसाला मला क्षमा करता येत नाही.

या कागदात शेवटी एक बारीक, व्यवहाराची गोष्ट आहे. मला जमीन मिळू नये म्हणून तो इतरांशी संगनमत करतो, असं ते लिहितात, कारण त्याला पक्कं ठाऊक आहे की माझी जमीन असती तर मी त्याचं तोंडही पाहिलं नसतं. एवढं सरळ अर्थशास्त्र मी क्वचित वाचलंय.

जमीन गेली आणि तिच्या जागी वाटेकरी पद्धत आली. शेत मालकाचं, राबणं तुमचं, पीक अर्धं अर्धं. बियाणं, खत, पीठ, मीठ, खारवलेलं डुकराचं मांस हे सगळं दुकानदाराकडून उधार, येणाऱ्या कापसाच्या तारणावर. हंगामाच्या शेवटी हिशोब करायचा तर वही त्याची आणि अक्षरही त्याचंच. बाकी शिल्लक निघायची ती दरवर्षी आपल्याच अंगावर. श्रोतेहो, हे तुम्हाला ओळखीचं वाटत असेल तर नवल नाही. त्याच कापसाचं दुसरं टोक आपल्याकडे होतं. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस थांबला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे धाव घेतली. वऱ्हाड-खानदेशात भाव चढले आणि मुंबईत शेअरचं वेड लागलं. युद्ध संपलं त्याच वर्षी ते कोसळलं. पुढं दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि कर्जाची खतं बाहेर काढून जाळली. मिसिसिपीचा वाटेकरी आणि भीमथडीचा कुणबी यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं. वही मात्र दोघांची सारखीच.

तरीही ही सगळी कहाणी रडण्याची नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. १८६७ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, अध्यक्षांना न जुमानता दक्षिणेत लष्करी देखरेख बसवली आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मतदान खुलं केलं. पुढं चौदाव्या दुरुस्तीनं नागरिकत्व आलं आणि १८७० मध्ये पंधराव्या दुरुस्तीनं मताधिकार. दक्षिण कॅरोलिनाच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीयांचं बहुमत झालं. काल विकली जाणारी माणसं आज अंदाजपत्रकावर भांडत होती!

त्यात रॉबर्ट स्मॉल्स नावाचा माणूस होता. मे १८६२ मध्ये, गुलाम असताना, तो चार्ल्स्टन बंदरात 'प्लँटर' नावाच्या बंडखोरांच्या बोटीवर सुकाणू धरायचा. एका रात्री गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेले तेव्हा त्यानं बोट सोडली, कप्तानाची टोपी डोक्यावर चढवली, प्रत्येक किल्ल्यापाशी ठरलेली शिट्टी वाजवली आणि बायकामुलांसह उत्तरेच्या आरमाराच्या हवाली झाला. पुढं तो राज्याच्या घटनासमितीत बसला. सगळ्यांना फुकट सरकारी शाळा हव्यात, हे त्यानं तिथं लावून धरलं. दक्षिण कॅरोलिनात गोऱ्या गरिबांच्या मुलांनाही सरकारी शाळा खऱ्या अर्थानं मिळाली ती या सभेमुळे. मग तो वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये गेला. आणि ब्यूफर्ट गावातलं जुन्या मालकाचं घर, ज्याच्या मागच्या आवारात त्याचा जन्म झाला, ते त्यानं विकत घेतलं. जुन्या मालकीणबाई म्हातारपणी भ्रमिष्ट होऊन त्या घरी परतल्या आणि त्यानं त्यांना राहू दिलं, असं सांगतात. खरं असो वा दंतकथा, ऐकणाऱ्याला ती खरी वाटावीशी वाटते, एवढं नक्की.

आता ज्यांचं बिनसलं त्यांच्याकडे वळू. तोंडावर बुरखे घेऊन रात्री फिरणारा कू क्लक्स क्लॅन टेनेसीत सुरू झाला होता. शाळा जाळायच्या, मतदाराला घरातून ओढून काढायचं. अध्यक्ष ग्रँट यांनी १८७१ मध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ जिल्ह्यांत सैन्य घालून त्याला मोडलं. म्हणजे मनात आणलं तर मोडता येत होतं. पण मनात आणणाऱ्यांची संख्या घटत चालली होती.

१३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. लुइझियानात कोलफॅक्स नावाचं गाव आहे. निवडणुकीच्या वादातून कृष्णवर्णीय लोक तिथल्या कचेरीचं रक्षण करत बसले होते. गोऱ्यांची टोळी तोफ घेऊन आली आणि कचेरीला आग लावली. शरण आलेल्यांना रात्री गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा अंदाज साठापासून दीडशेपर्यंत केला जातो. तिघांवर गुन्हा शाबित झाला, पण १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेही सोडले. कारण काय, तर चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खासगी माणसांना नाही.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. युनायटेड स्टेट्समधल्या ज्या भल्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना ती अर्पण केलेली आहे, आणि माझ्या देशबांधवांनी शूद्र भावांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा तीत लिहिली आहे. कोलफॅक्सची राख तेव्हा जेमतेम निवली असेल. काही अभ्यासू मंडळी इथं जोतीरावांकडे जरा कीव आल्यासारखं बघतात. मला ते पटत नाही. अर्पणपत्रिका अमेरिकेच्या नावानं असली, तरी ती वाचायची होती पुण्यातल्या शनिवार-सदाशिव पेठांनी. जे घडून गेलं होतं ते त्यांनी नेमकं पाहिलं: गोऱ्या माणसांनी गोऱ्या माणसांशी लढून काळ्या माणसाच्या बेड्या तोडल्या. आपल्याकडे असं कुणी कुणाशी लढलंय का, हा त्यातला टोला आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कला मंदी आली. उत्तरेतल्या लोकांना आता रेल्वे आणि नोकऱ्यांची चिंता होती. दक्षिणेची कटकट नको झाली होती. जुलै १८७५ मध्ये वॉशिंग्टनला बोलताना फ्रेडरिक डग्लस यांनी एक प्रश्न टाकला. स्वतः गुलामीतून पळून आलेला हा वक्ता म्हणाला: गोऱ्यांमधल्या युद्धानं काळ्यांना स्वातंत्र्य दिलं, तर गोऱ्यांमधला समेट काळ्यांना काय देईल?

दोनच वर्षांत उत्तर मिळालं. १८७६ ची निवडणूक वादात अडकली. निवडणूक मंडळातल्या एका मताच्या फरकानं, १८५ विरुद्ध १८४, हेज यांना अध्यक्षपद मिळालं आणि एप्रिल १८७७ मध्ये दक्षिणेतल्या विधानभवनांवर पहारा देणारे शेवटचे सैनिक बराकीत परतले. उत्तर आणि दक्षिण हे दोन भाऊ एक झाले. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,००० हून जास्त कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२. देशाच्या घटनेतला एक शब्दही बदलला नव्हता. मतपट्टी म्हणजे मत देण्यासाठी भरायचा कर, साक्षरतेची परीक्षा, असले कागद फक्त वाढले होते. तो मताधिकार खऱ्या अर्थानं परत यायला १९६५ उजाडावं लागलं.

कोलफॅक्सच्या दफनभूमीत एक उंच संगमरवरी स्तंभ आहे, १९२१ चा. मेलेल्या तीन गोऱ्यांची नावं त्यावर आहेत आणि ते गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडले, असं त्यावर अभिमानानं कोरलेलं आहे. कचेरीजवळ राज्य सरकारनंही एक फलक लावला होता. त्यात या हत्याकांडाला 'दंगल' म्हटलं होतं आणि तिच्यामुळे दक्षिणेतला गैरकारभार संपला, असंही लिहिलं होतं. तो २०२१ मध्ये काढला. एप्रिल २०२३ मध्ये, दीडशे वर्षांनी, गावात ग्रॅनाइटचं नवं स्मारक उभं राहिलं. मारल्या गेलेल्या ज्या कृष्णवर्णीयांची नावं शोधून सापडली, ती त्यावर आहेत. मारणाऱ्यांच्या आणि मेलेल्यांच्या वंशजांनी मिळून ते उभारलं. जुना स्तंभ दफनभूमीत अजून तसाच आहे.

नमस्कार.