रातपाळीवाल्यांचं घर

सोलापूरकरांना रातपाळी काय असते ते सांगायला नको. १८७७ला ‘जुनी मिल’ ही कापड गिरणी आली आणि गाव भोंग्यावर चालायला लागलं, घरातला माणूस रात्रभर मागावर उभा राहून आला की दिवसा दार लावायचं, पोरांना गप्प करायचं आणि त्याला झोपू द्यायचं. आता असाच रात्रभर जागणारा प्राणी पिंजऱ्यात असेल तर? लोक येणार दिवसा, तिकीट काढून, आणि दिसणार काय, तर कोपऱ्यात एक केसाळ गोळा. वाघ झोपलेला असला तरी माणसं थांबतात, उदमांजरासाठी कोण थांबतंय सांगा.

लंडनच्या झूमध्ये १९६७ला या बारक्या प्राण्यांसाठी खास इमारत झाली, चार्ल्स क्लोर पॅव्हिलियन. क्लोर म्हणजे बुटांच्या दुकानांचा आणि सेल्फ्रिजेस या मोठ्या स्टोअरचा मालक, त्याच्या देणगीतनं हे झालं. दोन वर्षं आधी हत्ती-गेंड्यांना काँक्रीटचं दणकट घर मिळालं होतं, मग यांचा नंबर लागला.

मला वेड लावलं ते तिथल्या तळघरानं. नाव मूनलाइट वर्ल्ड. तिथं प्राण्यांची पाळीच उलटी केली बघा, रात्री झू बंद झालं की लख्ख दिवे लावायचे, म्हणजे त्यांना वाटतं उजाडलं आणि ते झोपतात, आणि दिवसा उजेड एकदम मंद, की हे उठले, खायला लागले, फांद्यांवर पळायला लागले, आणि पोरं काचेला नाक लावून उभी. अशा घरांमधी लाल दिवे पण वापरतात, कारण रात्रीच्या बऱ्याच प्राण्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यांच्यासाठी तो अंधारच.

२००७ला इमारतीचं रूप बदललं, आत रेनफॉरेस्ट उभं केलं, फांदीला लटकणारे संथ स्लॉथ आणि बारकी टॅमरिन माकडं आता डोक्यावरच्या फांद्यांवर मोकळी, मधी काच नाही. रातपाळीवाल्यांचा अंधार मात्र तसाच ठेवला, आणि ते मला फार आवडलं.

आता हा शॉट बघा. आपला सोलापूरजवळचा नान्नजचा माळ. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ला इथं अभयारण्य झालं, पण आज आम्ही माळढोकसाठी आलेलो नाही. सूर्य बुडालाय, गाडीचे लाइट बंद केलेत. डावीकडं त्या बिळाच्या तोंडाशी दोन कान दिसतायत ना, ते खोकड, म्हणजे छोटा कोल्हा. उठलंय आत्ताच. आम्ही दिवा लावलेला नाही, जेवढं दिसतंय तेवढंच बघा.