रस्ता कोणाचा, प्रश्न कोणाला?

नमस्कार श्रोतेहो.

रस्त्याला खड्डा पडला की आपण फोन कोणाला लावतो? ज्याचा नंबर आपल्याकडे असतो त्याला. मग तो सरपंच असो, झेडपी मेंबर असो, नाहीतर आमदारांचा पीए. पलीकडून उत्तर येतं, "बघतो, सांगतो." गंमत अशी की हा बघणारा माणूस कधीकधी खरंच काही करू शकत नसतो, कारण तो रस्ता त्याच्या अखत्यारीतच नसतो.

म्हणून आधी रस्ता कोणाचा ते बघायचं. कडेला किलोमीटरचा दगड असतो. त्याचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. रंग उडाला असेल तर बांधकाम खात्याच्या शाखा अभियंत्याला विचारा, त्याला पाठ असतं. आपल्या महाराष्ट्रात साधारणपणे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषद सांभाळते. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, म्हणजे राज्य सरकारकडे असतात. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. तेव्हा पहिल्या प्रकारासाठी झेडपी सदस्य, दुसऱ्यासाठी आमदार, तिसऱ्यासाठी खासदार.

आता गावापासून सुरुवात करू. ग्रामपंचायतीत लोकसंख्येनुसार 7 ते 17 सदस्य असतात. पाणी, दिवाबत्ती, गटार, गावातले रस्ते ही त्यांची कामं. पण गावात सदस्यांइतकाच अधिकार मतदारांच्या हातात आहे आणि तो आपण फुकट घालवतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. तेवढेही जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पारावर बसून राहिलेल्यांच्या गैरहजेरीत दहा-बारा जण ठराव करून मोकळे. घरकुलाच्या यादीत आपलं नाव का नाही, हे सहा महिन्यांनी विचारण्यापेक्षा त्या सभेत हात वर करून विचारणं सोपं होतं. आपण बोललेलं इतिवृत्तात उतरलं का, तेही तिथल्या तिथे बघून घ्यावं.

आणखी एक. 2011 पासून आपल्याकडे पंचायती आणि पालिकांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरी सरपंचबाईंना फोन केला की अजून कित्येक ठिकाणी यजमान उचलतात. अशा वेळी शांतपणे म्हणावं, "ताईंना द्या." निवडून त्या आल्या आहेत.

वर पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. 1 मे 1962 पासून राज्यात ही त्रिस्तरीय रचना चालू आहे. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही झेडपीची मुख्य खाती. शाळेचं छप्पर गळतंय, केंद्रात डॉक्टर बसत नाहीत, अशा तक्रारी थेट आपल्या गटाच्या सदस्याकडे न्याव्यात.

शहरात हेच काम नगरसेवक करतो. तो नसला की काय होतं, ते मुंबईकरांनी अनुभवलं. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, आणि पुढची जवळजवळ चार वर्षं सभागृहच नव्हतं. इतर अनेक महापालिकांतही तेच चित्र. कचरा उचलला जात होता, बजेटही सादर होत होतं, पण त्या बजेटवर "आमच्या वॉर्डाचं काय?" असं उभं राहून विचारणारा कोणी नव्हता. मग लोक तुंबलेली गटारं घेऊन आमदाराकडे जाऊ लागले.

आणि इथे मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. आमदाराला गटाराच्या कामाला जुंपण्यात आपलंच नुकसान आहे. विधानसभेत 288 जण आपण पाठवतो ते कायदे करायला, राज्याचं बजेट तपासायला आणि मंत्र्यांना धारेवर धरायला. आमदाराचं खरं हत्यार म्हणजे प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न झेलावे लागतात. लक्षवेधी सूचना लागली की मंत्र्याला निवेदन करावं लागतं, आणि त्या निवेदनासाठी माहिती मागवली की जिल्ह्यातलं कार्यालय खडबडून जागं होतं. महिनोन्‌महिने न हललेली फाइल अशा वेळी हलते. पण आपण आमदाराला जोखतो ते लग्नाला आला का, दहाव्याला दिसला का, यावर. अधिवेशनात त्याने काय विचारलं, हे कोणी विचारत नाही.

खासदाराचंही तसंच. रेल्वे, टपाल, पासपोर्ट, राष्ट्रीय महामार्ग हे त्याचे विषय. त्याला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. ही योजना 1993 ची. ते पैसे खासदाराच्या हातात येतात, असा एक गोड गैरसमज आहे. तो फक्त कामाची शिफारस करतो. तपासून मंजुरी देणं आणि पैसे खर्च करणं जिल्हा प्रशासनाकडे. तेव्हा "खासदारांनी सभामंडप मंजूर केला" असा बोर्ड दिसला तर मंजुरी कोणी दिली, हे आपण ओळखून घ्यावं.

कुठल्याही पातळीवरचं काम असो, तोंडी सांगून भागत नाही. कागद करा. एकाच पानावर, एकच विषय. रस्त्याचं नाव, कुठल्या किलोमीटरला खड्डा आहे ते, आणि जमलं तर फोटो. तो कागद आपल्या लोकप्रतिनिधीला द्या, संबंधित अधिकाऱ्याला प्रत द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पंधरा दिवसांनी लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात जाऊन एवढंच विचारा, "साहेबांनी पुढे पत्र दिलं ना? त्याचा जावक क्रमांक सांगा." क्रमांक सांगितला तर तो लिहून घ्या आणि ज्या खात्याला पत्र गेलं तिथे जा. नुसतंच "दिलंय, दिलंय" म्हणाले, तर तिथेच बसून राहा.

नमस्कार.