डायनोसॉरचं बारसं

(दृश्य: सजवलेला पाळणा. आत बाळाऐवजी एक जाडजूड हाड.)

तुमचं नाव आत्यानं ठेवलं, कानात कुर्रर्र केलं. डायनोसॉरला कुठली आली आत्या? त्याचं नाव ठेवतात हाडं अभ्यासणारे शास्त्रज्ञ, तेही तो मेल्यावर कोट्यवधी वर्षांनी!

म्हणा बरं, ट्रायसेराटॉप्स. जीभ अडखळली? तुकडे करू. ट्राय म्हणजे तीन, आपल्या त्रिकोणातला 'त्रि'च की. सेराट म्हणजे शिंग, ऑप्स म्हणजे चेहरा. तोंडावर तीन शिंगं! हे सगळं ग्रीक. नावांच्या शेपटीला सारखा दिसणारा 'सॉरस'ही ग्रीकच, म्हणजे सरडा.

आता हे ऐका: बारापासॉरस. बारा पायांचा? छे, पाय चारच. यातला 'बारा' म्हणजे बडा, मोठा. 'पा' म्हणजे बंगालीत पाय. गोदावरीच्या खोऱ्यात त्याच्या मांडीचं हाड मिळालं, जवळजवळ १७० सेंटीमीटर लांब.

(दृश्य: फरशीवर खडूची रेघ.)

फरशीवर एवढी रेघ मारा आणि शेजारी झोपा. रेघ तुमच्या डोक्यावरून पुढे गेली ना? बाबांनाही झोपवून बघा. आणि हे नुसतं मांडीचं हाड!

ते हाड मिळालं ते वर्ष होतं १९६१, रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं. म्हणून १९७५ साली बारसं झालं तेव्हा पुढे 'टागोरेई' जोडलं. एवढ्या धिप्पाड सरड्याला कवीचं नाव!

चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीवर आणखी एक सापडला. तो डोंगरगावसॉरस व्हायला हवा होता, असं मला आपलं वाटतं. पण त्याचं नाव इसिसॉरस. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची इंग्रजी आद्याक्षरं आय, एस, आय. झालं 'इसि'!

कधी कधी बारसं चुकतंही. मंगोलियाच्या गोबी वाळवंटात अंड्यांच्या घरट्यापाशी एक सांगाडा मिळाला. शास्त्रज्ञांना वाटलं, दुसऱ्याची अंडी पळवायला आला असणार. १९२४ साली नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर.

(दृश्य: फुटक्या अंड्यात इवलीशी हाडं.)

१९९३ साली तशाच एका अंड्यात न जन्मलेलं पिल्लू सापडलं. ते निघालं ओव्हिरॅप्टरच्याच घराण्यातलं! त्याच्या नातलगांचे सांगाडेही मिळाले, अंड्यांवर हात पसरून बसलेले, कोंबडी बसते तसे.

मग नाव बदलायचं ना? नाही. रीतसर ठेवलेलं पहिलं नाव चुकीचं वाटलं म्हणून पुसत नाहीत. त्यामुळे स्वतःच्याच घरट्यापाशी सापडलेला तो बिचारा अजूनही अंडीचोरच.