बक्षिसाचे कार्ड निवडताना

(दृश्य : कार्डांचा कारखाना. छापलेले मोठे तक्ते यंत्रातून बाहेर येत आहेत.)

क्रेडिट कार्ड कोणाच्याही पाकिटात जाण्यापूर्वी अशा एका मोठ्या तक्त्याचा तुकडा असते. एका तक्त्यावर अनेक कार्डांचे दर्शनी भाग शेजारी शेजारी छापले जातात, मधल्या थरात अत्यंत बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी बसवली जातात, वरून पारदर्शक थर आणि मागच्या बाजूला चुंबकीय पट्टी चढते, आणि मग उष्णता व दाब देऊन हे सारे थर असे एकजीव केले जातात की नखाने उचकटू म्हटले तरी ते सुटत नाहीत. तांब्याची ती वेटोळी म्हणजे कार्डाचा अँटेना होय. यंत्राला कार्ड नुसते टेकवून पैसे देता येतात ते तिच्यामुळे.

(दृश्य : कापणी यंत्र, चिपसाठी खाच कोरणारे पाते.)

आता तक्ता कापला जातो. प्रत्येक कार्डाची लांबी ८५.६० मिलिमीटर, रुंदी ५३.९८ मिलिमीटर आणि जाडी सुमारे ०.७६ मिलिमीटर असते. हे माप आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिलेले असल्यामुळे एका देशात छापलेले कार्ड दुसऱ्या देशातील यंत्रात बिनदिक्कत चालते. कापलेल्या कार्डावर हे पाते उथळ खाच कोरते, खाचेत चिप चिकटवली जाते आणि शेवटी क्रमांक व नाव उमटते. येथपर्यंत साधे कार्ड आणि महागडे कार्ड एकाच वाटेने आलेले असते. फरक सुरू होतो तो या क्रमांकापासून. त्याच्या सुरुवातीच्या सहा किंवा आठ अंकांवरून कार्ड कोणत्या बँकेचे आहे हे कळते आणि बहुतेक वेळा ते कोणत्या श्रेणीचे आहे, हेही कळते. बक्षिसाचा, म्हणजे खर्चावर ग्राहकाला परत मिळणाऱ्या पॉइंट, मैल किंवा रोख रकमेचा, पुढचा व्यवहार याच अंकांपासून सुरू होतो.

(दृश्य : जुनी चित्रफीत. वहीत हिरवी तिकिटे चिकटवणारे हात.)

खरेदीवर ग्राहकाला काहीतरी परत द्यावे, ही कल्पना कार्डापेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेतील स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने १८९६ मध्ये हिरव्या तिकिटांची योजना सुरू केली. दुकानदार ही तिकिटे कंपनीकडून विकत घेई आणि खरेदीच्या प्रमाणात ग्राहकाला देई. ग्राहक ती वहीत चिकटवी आणि वह्या भरल्या की त्यांच्या बदल्यात वस्तू घरी नेई. हे हात नीट पाहावेत, कारण आजच्या रिवॉर्ड पॉइंटची संपूर्ण रचना येथे उघड्यावर मांडलेली आहे. तिकिटाचे पैसे दुकानदार भरतो, तिकिटाचे मोल कंपनी ठरवते, आणि अर्धवट भरलेली वही कपाटात पडून राहिली तर त्या तिकिटांचे पैसे कंपनीच्याच पदरात राहतात.

१९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेले डायनर्स क्लबचे कार्ड पुठ्ठ्याचे होते आणि त्याचे बिल दरमहा पूर्ण फेडावे लागे. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिका या बँकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे सुमारे ६०,००० कार्डे, कोणी मागितलेली नसताना, टपालाने घरोघरी पाठवली. या कार्डावर बाकी पुढे नेण्याची मुभा होती. याच कार्डाला १९७६ पासून जग व्हिसा म्हणून ओळखते. यात बक्षीस नव्हते. उधारी मिळते, एवढेच आकर्षण तेव्हा पुरेसे होते.

(दृश्य : विमानतळ, जुनी छायाचित्रे, नंतर आरक्षण कक्षातील संगणक.)

बक्षीस आले ते विमान कंपन्यांच्या दारातून. मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांसाठी मैल साठवण्याची योजना जाहीर केली : विमानाने कापलेल्या अंतराचे मैल खात्यात जमायचे आणि पुरेसे जमले की त्यांच्या बदल्यात तिकीट मिळायचे. हे नेहमीचे प्रवासी कोण, हे शोधण्यासाठी कंपनीने आपल्या आरक्षण संगणकात वारंवार येणारे दूरध्वनी क्रमांक हुडकले होते. म्हणजे ग्राहकाला मैल मिळण्याच्या आधीच कंपनीला ग्राहकाची माहिती मिळालेली होती, आणि तो क्रम आजही बदललेला नाही. १९८७ मध्ये सिटीबँकेने याच योजनेशी जोडलेले कार्ड काढले आणि विमानात पाऊल न ठेवताही मैल जमू लागले. मधल्या काळात, १९८६ मध्ये, सिअर्स या कंपनीने डिस्कव्हर कार्ड अमेरिकाभर नेले. त्याला वार्षिक शुल्क नव्हते आणि खर्चाचा एक छोटा हिस्सा रोख परत मिळत असे. आज बाजारात दिसणारी बहुतेक कार्डे या दोन घराण्यांपैकी एकातील आहेत : एक मैल आणि पॉइंट देणारे, दुसरे कॅशबॅक देणारे. कार्ड निवडणाऱ्याने आधी आपल्याला कोणत्या घराण्यात जायचे आहे ते ठरवावे, मग रंग पाहावा.

(दृश्य : दुकानातील कार्ड यंत्र, अगदी जवळून. कार्ड टेकवले जाते, पावती निघते.)

या काही सेकंदांत यंत्रातून निघालेला संदेश दुकानदाराच्या बँकेकडे, तेथून व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांसारख्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि होकार त्याच वाटेने परत येतो. पुढे हिशेब पूर्ण होतो तेव्हा दुकानदाराच्या खात्यात बिलापेक्षा थोडी कमी रक्कम जमा होते. कापल्या गेलेल्या रकमेचा मोठा हिस्सा सहसा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. त्याला इंटरचेंज म्हणतात, आणि पॉइंट व कॅशबॅक यांचा पैसा मुख्यतः येथून येतो. अनेक देशांत वरच्या श्रेणीच्या कार्डावर हा दर जास्त असतो. दुकानदार हा खर्च किमतीत धरतो, त्यामुळे रोख पैसे मोजणारा ग्राहकही दुसऱ्याच्या बक्षिसात नकळत वाटेकरी होतो. जेथे सरकारने किंवा मध्यवर्ती बँकेने हा दर बांधला तेथे बक्षिसेही आक्रसली. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये इंटरचेंज खाली आणल्यावर तेथील कार्डांचे पॉइंट पातळ झाले. युरोपीय संघाने २०१५ मध्ये वैयक्तिक क्रेडिट कार्डांसाठी ०.३ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. एका देशातील कार्डाची वाखाणणी ऐकून दुसऱ्या देशात तसेच कार्ड शोधणाऱ्यांची निराशा होते, त्यामागे हे कारण असते.

(दृश्य : यंत्राच्या तपशिलाचा पडदा. चार अंक ठळक होतात : ५८१२.)

या संदेशात रकमेबरोबर चार अंकांचा एक संकेतांकही जातो. दुकानदार कोणत्या व्यवसायात आहे, हे तो सांगतो. ५४११ म्हणजे किराणा व सुपरमार्केट, ५८१२ म्हणजे उपाहारगृह, ५५४१ म्हणजे इंधन केंद्र. हा संकेतांक दुकानदाराची बँक त्याची नोंदणी करताना देते. ग्राहकाने काय विकत घेतले, हे बक्षीस मोजणाऱ्या यंत्रणेला सहसा दिसत नाही. तिला दुकानाचा संकेतांक दिसतो. त्यामुळे निवासी हॉटेलातील उपाहारगृहात जेवणाऱ्याचे बिल पुष्कळदा निवासाच्या संकेतांकाखाली नोंदले जाते आणि “बाहेरच्या जेवणावर पाचपट पॉइंट” हे वचन त्याच्यापुरते कोरडे राहते. खरेदीचे पैसे एखाद्या वॉलेटमधून वळवले तर संकेतांक बदलू शकतो आणि कित्येक बँका वॉलेट भरण्यावर पॉइंट देतच नाहीत. घरभाडे, इंधन, विमा हप्ते, सरकारी भरणा हे प्रकारही अनेक कार्डांच्या वगळलेल्या यादीत सापडतात. ज्याचा निम्मा खर्च या यादीत बसतो त्याने जाहिरातीतील दर मनात निम्माच धरावा.

(दृश्य : टेबल. वर्षभराची स्टेटमेंट, पेन्सिल, अटी व शर्तींची छापील प्रत.)

या माहितीपटातील हे सर्वांत साधे दृश्य आहे आणि आम्ही ते मुद्दाम लांबवले आहे. समोर मागील १२ महिन्यांची स्टेटमेंट आहेत. किराणा, प्रवास, बाहेरचे जेवण, ऑनलाइन खरेदी, बिले अशा रकान्यांत वर्षाचा खर्च वाटला जात आहे. शेजारी दोन कार्डांच्या अटी आहेत. पहिल्या कार्डाचे वार्षिक शुल्क ५,००० आहे. दर १०० च्या खर्चावर ४ पॉइंट मिळतात, आणि प्रवासावर त्याच्या पाचपट. दुसऱ्या कार्डाला शुल्क नाही आणि सर्व खर्चावर सरसकट १.५ टक्के कॅशबॅक आहे. चलनाचे नाव घेण्याची गरज नाही, कारण गणित कोठेही हेच राहते. वर्षाचा एकूण खर्च ४,००,००० आहे आणि त्यातील ६०,००० प्रवासावर गेले आहेत.

पेन्सिल आता अटींच्या त्या ओळीवर थांबते जी जाहिरातीत छापत नाहीत : एका पॉइंटचे मोल किती? गिफ्ट व्हाउचर घेतल्यास ०.२५, असे येथे लिहिले आहे. म्हणजे ४ पॉइंट हे १ टक्का झाले आणि पाचपट हे ५ टक्के. साध्या ३,४०,००० वर ३,४००, प्रवासाच्या ६०,००० वर ३,०००, असे एकूण ६,४०० होतात. शुल्क वजा जाता हातात १,४०० उरतात. दुसरे कार्ड, ज्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, गुपचूप ६,००० परत देते.

तेच पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत बदलून एका पॉइंटला ०.५० मोल मिळत असेल, तर पहिले कार्ड १२,८०० देते आणि शुल्क जाऊन ७,८०० उरतात. येथे पहिले कार्ड सरस ठरते, पण तो प्रवास खरोखर करायचा असेल, हव्या त्या तारखेला मैलांवर आसन उपलब्ध असेल आणि दरम्यान योजनेने मैलांचे मोल घटवले नसेल तरच. पॉइंटचे मोल ठरवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार देणाऱ्याकडे राहतो, हे अटींत बहुधा स्पष्ट लिहिलेले असते. म्हणून पॉइंट साठवून ठेवण्यापेक्षा वेळोवेळी वटवणे हिताचे ठरते. पेन्सिलीने आणखी तीन ठिकाणी खूण केली आहे : दरमहा जास्तीत जास्त किती पॉइंट मिळतील त्याची मर्यादा, पॉइंटची मुदत आणि वटवण्याचे शुल्क. पाचपट पॉइंट जर महिन्याच्या पहिल्या काही खरेद्यांतच मर्यादेला पोहोचत असतील, तर वर्षाचे गणित पुन्हा मांडावे लागते.

स्वागताच्या बोनसने मात्र हुरळून जाऊ नये. ठरावीक मुदतीत ठरावीक खर्च केल्यावर तो मिळतो, आणि तो खर्च आपल्या नेहमीच्या खर्चात बसत असेल तरच तो बोनस आहे; तो गाठण्यासाठी नको असलेली वस्तू घेतली तर आवळा देऊन कोहळा काढण्याचा मान बँकेकडे जातो. शिवाय तो एकदाच मिळतो आणि शुल्क दरवर्षी येते.

(दृश्य : धातूचे कार्ड काचेच्या टेबलावर, त्यानंतर विमानतळावरील लाउंज.)

धातूचे कार्ड हातात जड लागते. त्याचे एवढेच वैशिष्ट्य खात्रीने सांगता येते. लाउंजची सुविधा वर्षातून अनेकदा विमानाने जाणाऱ्याला उपयोगी आहे. मोफत भेटी किती, सोबत्याचे पैसे लागतात का, आणि मागील तिमाहीत किमान खर्चाची अट आहे का, एवढे पाहिल्यावर तिचे मोल समजते. प्रवास विम्याचे मोल याहून मोठे असू शकते, मात्र तिकीट त्याच कार्डावर काढलेले असावे, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. पाकिटात पडून राहिलेल्या कार्डाचा विमा अशा वेळी लागू होत नाही.

(दृश्य : परदेशातील दुकान. यंत्राच्या पडद्यावर दोन चलनांचे पर्याय.)

परदेशी व्यवहारांवर अनेक कार्डे १ ते ३ टक्क्यांच्या आसपास वेगळे शुल्क लावतात. परदेशी संकेतस्थळांवर नियमित खरेदी करणाऱ्यासाठी हे शुल्क नसलेले साधे कार्ड भरपूर पॉइंट देणाऱ्या कार्डाला मागे टाकते. आणि हा पडदा लक्षात ठेवावा. रक्कम आपल्या देशाच्या चलनात हवी की तेथील चलनात, असे यंत्र विचारते. आपले चलन निवडले की विनिमयाचा दर दुकानाच्या बाजूने लावला जातो आणि तो सहसा महाग पडतो. तेथीलच चलन निवडावे.

वरील सगळे हिशेब बिल दरमहा पूर्ण फेडणाऱ्याचे आहेत. केवळ किमान देय रक्कम भरली तर उरलेल्यावर व्याज लागते, बहुतेक ठिकाणी नव्या खरेदीचा बिनव्याजी काळही जातो, आणि १ किंवा २ टक्क्यांचे बक्षीस त्या व्याजापुढे टिकत नाही. कार्डावर रोख रक्कम काढल्यास व्याज सहसा पहिल्या दिवसापासून धावते.

(दृश्य : ग्राहक सेवा केंद्र. हेडफोन घातलेले कर्मचारी, पडद्यांच्या रांगा.)

या केंद्रात वार्षिक शुल्काबद्दलचे दूरध्वनी शुल्क लागल्यानंतर येतात. ते आधी यायला हवेत. ठरावीक खर्च झाल्यास शुल्क माफ करण्याची तरतूद अनेक कार्डांत असते, आणि खर्च किती झाला हे कर्मचारी पडद्यावर पाहून सांगू शकतो. हिशेबात न बसणारे कार्ड बंद करण्याऐवजी त्याच बँकेच्या बिनशुल्क कार्डात बदलून मागता येते. त्यामुळे खात्याचा जुना इतिहास सहसा टिकून राहतो. बंदच करायचे असेल तर जमलेले पॉइंट आधी वटवावेत, कारण खाते बंद झाल्यावर ते बहुतेक योजनांत रद्द होतात. आणि वटवलेली रक्कम किंवा व्हाउचर प्रत्यक्ष हाती आल्यावरच अर्ज द्यावा.