थायरॉईड मंदावतो तेव्हा डॉक्टर कसा निवडावा

गेल्या वर्षापर्यंत पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढणारी बाई यंदा निम्म्यावर टेकते, वैशाखातही पंखा बंद करायला लावते, कंगव्यात केसांचा पुंजका येतो, पोट साफ होत नाही, आणि घरचे ‘वयाचे आहे’ म्हणून तिला गप्प बसवतात. नुसत्या लक्षणांवरून निदान होत नाही, हे खरे. पण ती मनावर घेऊन रक्त तपासायला सांगणारा डॉक्टर, मग तो गल्लीतला फॅमिली डॉक्टर का असेना, माझ्या मते योग्य डॉक्टर होय.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक पाठवून थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड थकला की टीएसएच वाढते. ते 10 च्या वर आणि फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईडचे स्वतःचे रक्तातील संप्रेरक, कमी असेल, तर उपचाराविषयी वाद उरत नाही. ते किंचितच वाढलेले असेल, तर मात्र दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे, अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडे) पाहणे आणि वय विचारात घेणे आवश्यक असते, कारण सत्तरी ओलांडलेल्यांत थोडी वाढ स्वाभाविकही असू शकते. एकाच रिपोर्टवर जन्मभराची गोळी लिहून मिळाली, तर कारण अवश्य विचारा.

सदाशिव पेठेतल्या एका रुग्ण बाईचा डोस दुसरीकडे चार महिन्यांत तीनदा वाढवला गेला होता, तरी टीएसएच उतरत नव्हते. गोळी कधी घेता, एवढेच मी विचारले. सकाळच्या चहाबरोबर, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांसोबत, असे उत्तर आले. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाची उणीव भरणारी ही गोळी, उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावे, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, आणि कॅल्शियम व लोह चार तासांच्या अंतराने. वेळा बदलल्यावर तिचा डोस कमी करावा लागला. या औषधाचा अर्धा अंश शरीरातून जायला सुमारे 7 दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलल्यावर साधारण 6 ते 8 आठवड्यांआधी तपासणी करून घाईने निर्णय घेऊ नये. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, त्याने आकडे चुकतात.

‘थायरॉईड मुळापासून बरा’ अशा जाहिराती वाचून गोळ्या बंद केलेले लोक भेटतात तेव्हा मला फार वाईट वाटते. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये वर्णन केलेल्या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला इजा करते. ती इजा भरून काढणारा सिद्ध उपाय आज उपलब्ध नाही, म्हणून उणीव गोळीने भरून काढायची.

बहुतेकांना फॅमिली डॉक्टर पुरेसे असतात. मात्र लहान मूल, हृदयविकार, मानेतील गाठ, किंवा नीट गोळी घेऊनही न स्थिरावणारे आकडे असतील, तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे, जावे. गोळी चालू असलेल्या स्त्रीने तर गर्भधारणेचा विचार करतानाच भेटावे, कारण दिवस राहिल्यावर बहुधा डोस 25 ते 50 टक्क्यांनी वाढवावा लागतो आणि बाळाच्या मेंदूची वाढ पहिल्या महिन्यांत आईच्या संप्रेरकावरच अवलंबून असते.